शेतातल्या मातीत नवा जिवाणू सापडला, पुढे काय काय करावं लागतं?

शेतातल्या मातीतून वेगळा केलेला आमचा एक जिवाणू आता रीतसर नाव असलेली प्रजाती झाला आहे. काम हातात घेतलं तेव्हा मी मराठीत काही वाचायला मिळतंय का ते शोधत होते. सापडल्या त्या बातम्या, नाहीतर इंग्रजी शोधनिबंध. निबंधात सगळं एका दमात झाल्यासारखं वाटतं. मधे कुठे अडतं, कुणाला पत्र लिहायचं, कशाला महिने जातात, हे त्यात येत नाही. एमएस्सी किंवा पीएचडी करताना कुणाच्या प्लेटवर असंच काही उगवलं, तर त्याला अंदाज यावा म्हणून लिहिते आहे.

जिवाणू हाती लागणं हा यातला सगळ्यात छोटा भाग. तो आजवर नोंदलेल्या कुठल्याच प्रजातीत बसत नाही हे दाखवणं, आणि त्याचं जिवंत कल्चर, म्हणजे वाढवून जपलेला जिवाणू, दोन वेगळ्या देशांत, मागेल त्याला मिळेल असं ठेवणं, यात खरा वेळ जातो. त्यातलं पहिलं काम निदान आपल्या हातात असतं.

माती आणली जूनच्या सुरुवातीला, पेरणीच्या आधी. शेतमालकांकडून संमतीचं साधं पत्र लिहून घेतलं. वरचा पालापाचोळा बाजूला करून दहा-पंधरा सेंटिमीटर खोलीवरची माती निर्जंतुक पिशव्यांत भरली. "ताई, या मातीत काय असं निघणार?" असं काकांनी विचारलं, तेव्हा मी खरं तेच सांगितलं, की माहीत नाही, बघू. त्याच वेळी वहीत तारीख, अक्षांश-रेखांश, खोली, आधीचं पीक आणि मातीचा सामू लिहून ठेवला. ही पाच-सहा मिनिटं फार मोलाची ठरली. पुढे एनसीबीआय या जनुकीय माहितीच्या सार्वजनिक साठ्यात जीनोम, म्हणजे जिवाणूचा संपूर्ण डीएनए-क्रम, जमा करताना बायोसॅम्पल या नमुन्याच्या अर्जात नमुना घेतल्याची तारीख, ठिकाण आणि स्रोत यांचे रकाने भरावेच लागतात, आणि वर्ष-दोन वर्षांनी ते आठवणीतून भरता येत नाहीत.

एक ग्रॅम माती नऊ मिलिलिटर निर्जंतुक सलाईनमध्ये, मग पुढे दरवेळी दहापट पातळ करत जायचं. हे सगळ्यांना येतं. माध्यम कुठलं घेता, याने मात्र खूप फरक पडतो. न्यूट्रिएंट अगारवर भराभर वाढणारे बॅसिलस सगळी प्लेट व्यापून टाकतात. आम्ही आर-टू-ए अगार घेतलं. १९८५ मध्ये पिण्याच्या पाण्यातले जिवाणू मोजण्यासाठी तयार झालेलं हे माध्यम अन्नद्रव्यांत इतकं कमी आहे की हळू वाढणाऱ्यांनाही जागा मिळते. बुरशी येऊ नये म्हणून त्यात सायक्लोहेक्झिमाइड. तापमान २८ अंश. आणि प्लेट लवकर टाकून देऊ नका. दोन दिवसांनी जे दिसतं ते बहुतेक वेळा आधी कुणीतरी नोंदवलेलं असतं. आमची कॉलनी दुसऱ्या आठवड्यात दिसू लागली. टाचणीच्या डोक्याएवढी, पिवळी, कडा किंचित पसरलेली. पुन्हा पुन्हा स्ट्रीक करून, म्हणजे नव्या प्लेटवर रेघा ओढून, ती शुद्ध केली आणि शुद्ध झाली त्याच दिवशी २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशाला ठेवली. कुपीवर क्रमांक, तारीख, माध्यम. एकच साठा ठेवू नका, दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये ठेवा. वीज आणि फ्रीझर दोन्हींवर पुढची दोन-तीन वर्षं विसंबायचं असतं.

सप्टेंबरमध्ये १६एस आरआरएनए जनुकाचं सिक्वेन्सिंग केलं. जिवाणूची ओळख पटवायला आधी हेच जनुक वाचतात. नेहमीचे २७एफ आणि १४९२आर हे प्रायमर (जनुकाची प्रत काढायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे), दोन्ही बाजूंनी वाचून जवळपास पूर्ण जनुक, म्हणजे १,४०० बेसच्या वर. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. सिक्वेन्स नुसता ब्लास्ट या शोधसाधनाला लावला तर वर 'अनकल्चर्ड बॅक्टेरियम' (प्लेटवर न वाढवलेला जिवाणू) अशा नोंदींची रांग येते आणि काहीच कळत नाही. तुलना करायची ती टाइप स्ट्रेनशी, म्हणजे ज्या कल्चरवरून त्या प्रजातीचं नाव ठरलं त्याच्याशी. ईझेडबायोक्लाउड या संकेतस्थळावर ती सोय आहे. तिथे आमचा स्ट्रेन कायटिनोफॅगा या प्रवर्गात (जीनसमध्ये) गेला, आणि सगळ्यात जवळच्या प्रजातीशी साम्य ९८ टक्क्यांच्या जरा खाली आलं.

या आकड्याचा अर्थ असा. १९९४ पासून ९७ टक्क्यांची रेघ मानली जायची. त्याच्या खाली असेल तर प्रजाती वेगळी. पुढे जीनोम भरपूर जमले, तेव्हा ती रेघ वर सरकली आणि २०१४ च्या एका मोठ्या तुलनेनंतर ९८.६५ टक्के हा आकडा वापरात आला. त्याच्या खाली असाल तर नवी प्रजाती असण्याची शक्यता भक्कम. वर असाल तरी निराश होऊ नका, कारण अंतिम निकाल १६एस देत नाही. काही प्रवर्गांत दोन स्पष्ट वेगळ्या प्रजातींचं हे जनुक जवळजवळ सारखंच निघतं.

त्या संध्याकाळी मी फार आनंदात होते. आमच्या मॅडमनी आकडे बघितले आणि एवढंच म्हणाल्या, "आजच डिपॉझिटची चौकशी सुरू कर." मला वाटलं होतं, कल्चर संग्रहात जमा करणं हे शेवटी करायचं काम असतं. मॅडमचं ऐकलं म्हणून पुढचं वर्ष वाचलं. या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर हीच घ्या.

कारण असं आहे. जिवाणूंची नावं आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेप्रमाणे ठरतात. १ जानेवारी १९८० ही तिची नवी सुरुवात मानतात. त्या दिवशी मान्य नावांची यादी पक्की झाली आणि यादीत नसलेली जुनी नावं बाद ठरली. या संहितेप्रमाणे नव्या प्रजातीचा टाइप स्ट्रेन किमान दोन सार्वजनिक कल्चर कलेक्शनमध्ये, म्हणजे जिवाणू जपणाऱ्या भांडारांत, ठेवावा लागतो, आणि ती दोन वेगळ्या देशांत असावी लागतात. दोघांकडून प्रमाणपत्र हवं: कल्चर मिळालं, जिवंत आहे, शुद्ध आहे, आणि निर्बंधाशिवाय इतरांना मिळेल. ही प्रमाणपत्रं निबंधासोबत जोडावी लागतात.

भारतातून काम करणाऱ्याला इथे दुसरी बाजूही सांभाळावी लागते. २००२ च्या जैविक विविधता कायद्याचं कलम ३९ सांगतं, की कुणालाही नवा टॅक्सॉन, म्हणजे प्रजातीसारखा वर्गीकरणातला नवा गट, सापडला तर त्याने नियुक्त भांडाराला कळवायचं आणि नमुना तिथे जमा करायचा. म्हणजे देशातल्या भांडारात ठेवणं हे कायद्यानेच आपलं काम आहे. पुण्याचं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आणि चंदीगडचं एमटीसीसी ही त्यातली जिवाणूंसाठीची परिचित नावं. पण दुसरी प्रत देशाबाहेर पाठवायची, तर जैविक साधनसंपत्ती बाहेर जाण्यावर याच कायद्याचं नियंत्रण आहे आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम लागू होतात. संहिता म्हणते, कुणालाही विनाअट द्या. कायदा म्हणतो, कुणाला आणि कशासाठी दिलं याचा हिशेब ठेवा. हेतू दोन्हींचे रास्त आहेत. शेतातल्या मातीतून निघालेल्या जिवाणूवर उद्या कुणी पैसे कमावले तर त्यातला वाटा त्या भागाला मिळावा, हे मलाही मनापासून पटतं. तरी प्रमाणपत्रावर वाटपाबद्दल एखादी अट छापली गेली तर नियतकालिक ते नाकारू शकतं, आणि आपल्याकडच्या अनेकांची कामं नेमकी इथे रखडली आहेत. म्हणून डिपॉझिटचा अर्ज भरण्याआधी दोन्ही भांडारांना सरळ विचारा की प्रमाणपत्रावर शब्द काय असतील. आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरचे सध्याचे अर्ज बघा, सीनियरने दिलेली जुनी प्रत भरू नका. कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आहे आणि २०२४ मध्ये नवे नियम आले आहेत.

आमचे अर्ज ऑक्टोबरमध्ये गेले. देशातल्या भांडाराचं प्रमाणपत्र हिवाळा संपायच्या आत आलं. बाहेरच्या एका भांडाराकडून दीर्घकाळ उत्तरच नव्हतं, मग दुसरीकडे अर्ज केला आणि पुन्हा पहिल्यापासून वाट. कल्चर पोचल्यावर ते लोक स्वतः वाढवून बघतात, शुद्धता तपासतात, बहुतेक ठिकाणी १६एसही पडताळतात, मग गोठवून कोरडं करून पुन्हा जिवंत होतंय का ते पाहतात. त्यामुळे उशीर समजण्यासारखा आहे. तुमच्या बाजूने एवढं करा: एकाऐवजी दोन नळ्या पाठवा, सोबत वाढलेल्या प्लेटचा फोटो, १६एस सिक्वेन्स, माध्यमाची पूर्ण कृती, तापमान, किती दिवसांनी कॉलनी दिसते हे सगळं द्या. हळू वाढणाऱ्या स्ट्रेनबाबत 'पाच दिवस थांबा' हे ठळक लिहा, नाहीतर दुसऱ्या दिवशी रिकामी प्लेट बघून 'वाढ नाही' असं पत्र येऊ शकतं. निबंध छापून येईपर्यंत माहिती गोपनीय ठेवण्याची विनंती अर्जातच करता येते.

वाट बघत असतानाच जीनोमचं काम केलं. २०१८ पासून वर्गीकरणासाठी जीनोमचे किमान निकष ठरले आहेत आणि आता टाइप स्ट्रेनचा जीनोम दिल्याशिवाय निबंध पुढे जात नाही. सगळ्या कामात हा मोठा खर्च होता, पण एकदाचा. बाहेरून सिक्वेन्सिंग करून घेणार असाल तर कच्चा डेटा तुमच्या हातात येईल हे आधी लेखी घ्या, आणि कव्हरेज, म्हणजे जीनोमचा प्रत्येक भाग सरासरी किती वेळा वाचला, ते किमान ५० पट मागा. डेटा आल्यावर स्पेड्स या प्रोग्रॅमने असेंब्ली, म्हणजे वाचलेले तुकडे जोडणं, आणि चेकएमने पूर्णता आणि भेसळ तपासायची. त्यानंतर जीनोममधून १६एस जनुक काढून आधीच्या सिक्वेन्सशी जुळवायचं. दोन्ही एक आले नाहीत तर नळ्या कुठेतरी बदलल्यात किंवा कल्चर शुद्ध नाही. दहा मिनिटांचं काम आहे, आणि परीक्षक ते हमखास विचारतात.

निकाल देणारे आकडे दोन. एएनआय, म्हणजे दोन जीनोममधल्या समान भागांचं सरासरी साम्य, ९५-९६ टक्क्यांच्या खाली हवं. डिजिटल डीडीएच, म्हणजे दोघांचे डीएनए एकमेकांशी किती जुळतात याचा संगणकी अंदाज, ७० टक्क्यांच्या खाली हवं. हा ७० चा आकडा १९८७ पासूनचा आहे. तेव्हा दोन जिवाणूंचे डीएनए प्रत्यक्ष प्रयोगशाळेत जोडून बघायचे, आता तेच गणिताने काढतात. जर्मनीतल्या डीएसएमझेडचं टीवायजीएस हे साधन यासाठी फुकट आहे. जीनोम चढवायचा, ते स्वतःच जवळचे टाइप स्ट्रेन शोधून वंशवृक्ष काढून देतं. तीन सूत्रांचे तीन निकाल येतात. जीनोम तुकड्यांत असेल तर दुसऱ्या सूत्राचा आकडा धरायचा. आमचे दोन्ही आकडे मर्यादेच्या बरेच खाली होते. मेल उघडून मी ती ओळ मॅडमना मोठ्याने वाचून दाखवली. तोवर मनात शंका होती, त्यानंतर ती उरली नाही.

एवढ्यावर भागत का नाही, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता पटतं. आकडा सांगतो की हा वेगळा आहे; तो कसा आहे, काय खातो, कशात जगतो हे आकड्यात नसतं. म्हणून वर्णन लिहावं लागतं, आणि ते शेजाऱ्यांच्या बरोबरीने तपासून. जवळच्या प्रजातींचे टाइप स्ट्रेन मागवायचे, आपल्या स्ट्रेनसोबत त्याच माध्यमावर, त्याच तापमानात, त्याच दिवशी वाढवायचे आणि सगळ्या चाचण्या शेजारी शेजारी करायच्या. दुसऱ्यांच्या निबंधातून आकडे उचलून तक्ता भरलेला चालत नाही, कारण नुसतं माध्यम बदललं तरी फॅटी ॲसिडचं प्रमाण बदलतं.

हे टाइप स्ट्रेन आधी देशातल्या भांडारात आहेत का बघा. परदेशातून घेतले तर एकेका अँप्यूलचे पैसे परकीय चलनात, वाहतूक वेगळी, शिवाय आयातीची कागदपत्रं. आमच्याकडे त्यातली एक दुहेरी काचेची अँप्यूल आली. ती फोडायची रीत अशी: टोक बर्नरच्या ज्योतीत तापवायचं, त्यावर दोन-तीन थेंब पाणी टाकायचं की काच तडकते, मग चिमट्याने टोक उडवायचं. आत कापूस लावलेली छोटी कुपी असते. कापूस काढून अर्धा मिलिलिटर माध्यम घालायचं, अर्धा तास थांबायचं, मग थोडं प्लेटवर आणि उरलेलं द्रव माध्यमात. वाढवायला घेतलं की लगेच आपला ग्लिसरॉल साठा करून ठेवा, पुन्हा मागवायची वेळ येऊ नये.

चाचण्यांमधली मला सगळ्यात आवडलेली चाचणी फ्लेक्सिरुबिन रंगद्रव्याची. काचपट्टीवर थोडा पिवळा जिवाणू घेऊन त्यावर २० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा. आमचा पिवळा रंग बघता बघता तांबूस तपकिरी झाला. आम्लाने उदासीन केल्यावर परत पिवळा. त्याशिवाय कॅटलेज, ऑक्सिडेज, तापमान, सामू आणि मीठ यांच्या मर्यादा, एपीआयच्या तयार चाचणी-पट्ट्या, आणि कायटिन खाणाऱ्यांच्या कुळातला असल्यामुळे कायटिनचं विघटन. बुरशीच्या पेशीभित्तिकेत आणि किड्यांच्या कवचात कायटिन असतं, त्यामुळे मातीत याला काम भरपूर.

रासायनिक भागासाठी आमच्या लॅबमध्ये सोय नव्हती. पेशीतली फॅटी ॲसिड आणि क्विनोन कुठली, हे बाहेरून करून घेतलं, ध्रुवीय लिपिड स्वतः केले. मुख्य क्विनोन एमके-७ आला, प्रमुख लिपिड फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमाइन, दोन्ही या प्रवर्गाला साजेसे. लिपिडच्या प्लेट द्विमितीय असतात, आणि निनहायड्रिन, मॉलिब्डेनम ब्लू असे वेगवेगळे फवारे मारून प्रत्येक ठिपका ओळखावा लागतो. उन्हाळाभर तेच चाललं होतं. फवारल्यानंतर लगेच फोटो काढा, रंग टिकत नाहीत.

मग नाव. लॅटिन व्याकरण पाळावं लागतं, प्रजातीचं विशेषण प्रवर्गाच्या लिंगाशी जुळावं लागतं, व्युत्पत्ती ओळीने लिहावी लागते. स्वतःचं नाव देऊ नये असा संकेत आहे. मातीवरून सुचणारी नावं आधीच घेतलेली असतात. या प्रवर्गात 'टेरी' २००७ पासून आहे. एलपीएसएन या जिवाणूंच्या नावांच्या ऑनलाइन यादीत शोधून मोकळं नाव ठरवलं आणि लॅटिन जाणणाऱ्या एका प्राध्यापकांकडून तपासून घेतलं.

निबंध पाठवला तो 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ सिस्टिमॅटिक अँड इव्होल्यूशनरी मायक्रोबायोलॉजी'ला. नाव अधिकृत होतं ते इथे छापून आल्यावर. दुसरीकडे छापलंत तर तो निबंध आणि प्रमाणपत्रं इथे पाठवून त्यांच्या मान्यता-यादीत नाव यावं लागतं, तोवर ते अवतरणचिन्हातच राहतं. आम्ही वर्गणीचा मार्ग निवडला, म्हणजे पैसे वाचणारे भरतात, त्यामुळे लेखकांना छपाईचे पैसे पडले नाहीत. सर्वांसाठी खुला ठेवायचा असता तर मोठी रक्कम होती. परीक्षकांनी दोन गोष्टी मागितल्या: शेजारच्या टाइप स्ट्रेनच्या लिपिड प्लेटचे फोटो आणि जीनोममधल्या कायटिनेज जनुकांची यादी. पहिली मागणी वाचून पोटात गोळा आला होता, पण प्लेटचे फोटो तारखेनिशी जपून ठेवलेले होते. एकच स्ट्रेन का, असंही विचारलं. त्याच मातीतून दुसरा मिळाला नाही, हे सरळ लिहिलं आणि ते मान्य झालं. जमलं तर दोन-तीन स्ट्रेन मिळवायचा प्रयत्न करा, वर्णन जास्त भक्कम होतं.

वाटेत बऱ्याच जणांनी सीक्‌कोडबद्दल विचारलं. २०२२ पासून ही दुसरी संहिता आहे आणि तिथे टाइप म्हणून जीनोम चालतो, जिवंत कल्चर नसलं तरी. जे जिवाणू प्लेटवर वाढतच नाहीत त्यांच्यासाठी ती फार उपयोगाची आहे. आमचा वाढत होता, आणि ज्याला त्यावर पुढे काम करायचं आहे त्याला नळी मागवता यायला हवी, असं मला वाटतं. म्हणून इतकी पत्रं लिहिली त्याचं दुःख नाही.

निबंध आल्यावर मॅडम आणि मी शेतावर जाऊन काकांना छापील प्रत दिली. "पिकाला चांगला की वाईट?" हा त्यांचा पहिला प्रश्न. याने पिकाला फायदा होतो असं आम्ही तपासलेलं नाही, आणि नवी प्रजाती म्हणजे नवं जैविक खत नव्हे, हे त्यांना नीट समजावून सांगितलं. बुरशीच्या भिंती पचवतो एवढं ठाम सांगता आलं. त्यांनी परत माती न्यायला बोलावलं आहे, या वेळी पीक उभं असताना.

छापून आल्यावरही दोन कामं उरतात आणि बरेच जण ती विसरतात. एनसीबीआयवर तुमचे सिक्वेन्स अजून 'कायटिनोफॅगा एसपी.' अशा तात्पुरत्या नावाने असतात. निबंधाचा दुवा देऊन त्यांना मेल करा म्हणजे नाव बदलतं. आणि दोन्ही भांडारांना कळवा की गोपनीयता उठवा, म्हणजे स्ट्रेन त्यांच्या यादीत दिसायला लागतो. एका भांडाराने आम्ही कळवल्यावरच तो यादीत टाकला.